मुंबईत न राहणारे नंदूचे वडील

माझ्या मित्राचे, नंदूचे, वडील जन्मापासून विलेपार्ल्यात राहिले आणि मुंबईत एक दिवसही राहिले नाहीत. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी, असं कुणी विचारलं तर ते त्याला आधी चहा पाजत आणि मग समजावून सांगत. मुंबई म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडचं शहर. खाडीच्या अलीकडे सगळी गावं, आणि त्यातलं बरं गाव म्हणजे आमचं पार्लं. अंधेरी त्यांच्या लेखी शेजारगाव. तिथली भाजी त्यांना उगाचच शिळी लागे. एकेकाळी पार्ल्याला स्वतःची नगरपालिका होती. ती मोडून गावाला मुंबईत घातलं, तेव्हा "आम्हाला कुणी विचारलंन नाही" ही त्यांची तक्रार ऐंशी साल उलटून गेलं तरी ताजी होती. घरी येणाऱ्या पत्रांवर लोक 'मुंबई' लिहीत. स्वतः काका मात्र 'विलेपार्ले' लिहून खाली ठसठशीत रेघ ओढत. पोस्टाला ती रेघ पुरत असावी, कारण उत्तरं येत.

त्यांनी सगळी नोकरी गावातल्याच बिस्किटांच्या कारखान्यात, भट्टीवर केली. कारखाना घरापासून चालत दहा मिनिटं, त्यामुळे मुंबईला जाण्याची वेळ वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. पण ती आली की घरात लगीनघाई उडे. इस्त्रीचा शर्ट, दशम्यांचा डबा, पाण्याची बाटली, आणि निघताना काकू हातावर दही घालत. एकदा मी दारातच विचारलं, "काय काका, कुठे दौरा?" तर गंभीरपणे म्हणाले, "मुंबईस जाऊन येतो रे. संध्याकाळपर्यंत परततो बहुतेक." काम काय, तर गिरगावातून चष्मा आणायचा होता. पावसाळ्यात पेपरात 'मुंबईत मुसळधार' असा मथळा आला की गळणाऱ्या कौलाखाली बादली सरकवत ते म्हणत, "तिकडे बराच पडलेला दिसतोय." आजूबाजूची बैठी घरं पाडून चार-चार मजली इमारती उठत होत्या. प्रत्येक नव्या बिऱ्हाडाकडे काका फणसाचे गरे घेऊन जात आणि "आमच्या गावात आलात, काही लागलं तर सांगा" असं सांगून येत. एक बाई म्हणाल्या, आम्ही मालाडहून आलोय. काका कळवळून म्हणाले, "बरंच लांबून आलात हो."

मला यात थट्टेपलीकडे काही दिसत नसे. वयच तसं होतं.

एका मे महिन्यात मी नंदूबरोबर त्यांच्या राजापूरजवळच्या मूळ गावी गेलो होतो. तिथे नंदूच्या बहिणीला, शैलाला, पाहायला मंडळी आली. मुलगा चांगला होता, त्याला नुकतीच मुंबईत नोकरी लागली होती. शैलाने पोहे देताना त्याच्याकडे एकदाच पाहिलं, पण नीट पाहिलं. सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात मुलाच्या मामांनी सहज विचारलं, "आपण मुंबईलाच असता ना?"

"छे हो," काका म्हणाले. "मुंबईस आम्ही कधीतरी जातो."

"पण मुलगी मुंबईची आहे, असं कळलं होतं."

"कुणी सांगितलंन? ती गावातली आहे."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना शहराची सवय असलेली मुलगी हवी होती. मामा चहा अर्धा ठेवून उठले, आणि काकूंनी मागून "अहो, पार्लं म्हणजे मुंबईच" असं सांगेपर्यंत पाव्हणे बैलगाडीत बसले होते. आठ दिवसांनी नकार आला. जमत आलेल्या लग्नाची वाट दुसऱ्या कुणी लावली नव्हती, ती काकांनी स्वतःच लावली होती.

पार्ल्याला परतल्यावर नंदू त्यांच्याशी बोलेना. काकू बोलत, पण भांड्यांशी. शैला मात्र भांडली नाही. तिने बापासमोर एक कोरं अंतर्देशीय पत्र ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, एक ओळ लिहा. आम्ही मुंबईला राहतो, एवढंच." ते पत्र चार दिवस टेबलावर तसंच पडून होतं. त्या पत्रानेच पुढे लग्न जमलं, हे आधीच सांगून टाकतो. मार्गशीर्षात झालं, आणि मामा पंगतीत पोटभर जेवले.

पण चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा काका खिडकीशी बसून लिहीत होते. लिहून झालं तसं त्यांनी ते मला वाचायला दिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. वरच्या कोपऱ्यात 'विलेपार्ले, मुंबई' असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली रेघ नव्हती. मला खरं तर वाईट वाटलं, पण तोंडाला थट्टेचीच सवय.

"काय काका, खोटं लिहावं लागलं ना?"

"खोटं असतं तर पहिल्याच दिवशी लिहून मोकळा झालो असतो रे," ते म्हणाले. "पोरीसाठी माणूस दहा वेळा खोटं बोलेल." मग त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडीवर घडी नीट बसवली आणि अगदी हळू म्हणाले, "हे खरं आहे, म्हणून चार दिवस लागले."