भिजवलेला राब

पाहुणे वाईट असते तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण ही माणसं चांगली होती, आणि चांगल्या माणसांवर चिडायचं कसं, ते मला या वयातही नीट जमत नाही.

घरामागच्या दोन खोल्या सून पाहुण्यांना राहायला देते. एरवी येतात ते मोठ्यानं गाणी लावतात आणि जाताना ओहोळात बाटल्या टाकून जातात. हे पाचजण तसे नव्हते. आटगावपर्यंत रेल्वेनं आले, पुढे जीपमध्ये आमच्यासारखेच कोंबून. स्वतःची मोटार आणली की हवा खराब होते म्हणे. स्टीलच्या बाटल्या, कापडी पिशव्या. मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो हे आधीच विचारून घेतलेलं, म्हणून आंघोळीला अर्धीच बादली. सून म्हणाली, असे पाहुणे कोणाला नकोत? मलाही बरं वाटलं, खोटं का बोला.

आता राब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझा त्रागा तुम्हाला कळायचा नाही. भाताचं रोप जिथे करायचं, तेवढा तुकडा आम्ही पावसाआधी भाजून काढतो. खाली शेण, त्यावर पातेरा, म्हणजे झाडांचा सुका पाला, वर गवत आणि सगळ्यावर मातीचा हलका थर. मग वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत जाते. तण जळतं, माती मोकळी होते, रोप जोमानं येतं. तो पातेरा मी होळीच्या आधीपासून गोळा करत होते. कमरेचं काय झालं ते विचारू नका.

त्या दिवशी सकाळी वारा पडलेला बघून राब पेटवला. नीट लागला, तशी घोटभर चहा घ्यायला घरी गेले. परत येते तर बांधावर पाचही पाहुणे, अंगभर राख, हातात बादल्या, तोंडावर लढाई जिंकल्याचा आनंद. आणि माझ्या राबाच्या मधोमध चिखल.

त्यांच्यातली चष्मेवाली बाई सगळ्यांची पुढारी. धापा टाकत म्हणाली, "आजी, घाबरू नका. वणवा विझवला आम्ही."

"पाणी कुठलं?"

"मागच्या ड्रममधलं."

म्हणजे अर्ध्या बादलीत आंघोळ करणाऱ्यांनी आमचं प्यायचं सगळं पाणी राबावर ओतलं होतं. सून धावत आली आणि डोक्याला हात लावून तिथेच खाली बसली. पलीकडच्या शेतातून माझी जाऊ तो चिखल बघून विचारते, "काय गो, आवणी आताच काढलीस काय?" आवणी म्हणजे भाताची लावणी, ती भर पावसातल्या चिखलात होते. तिला हसायला काय जातंय, तिचा राब कधीच भाजून झाला होता.

मग मी त्यांना सगळं समजावलं. तोंडं उतरली बिचाऱ्यांची. तरी एका बाप्यानं विचारलंच, की धूर हवेला बरा नाही, दुसरा काही उपाय नाही का?

मी म्हटलं, "असंल बाबा. पण ते विझवायच्या आधी विचारायचं. टँकरचं विचारलंत ना, तसं हेबी विचारायचं होतं."

त्यावर सगळे म्हणाले, भरून देतो, सांगा काय आणू. मी म्हटलं, रानातनं सुका पातेरा आणा. तर एकमेकांकडे बघायला लागले. रानातलं पानही उचलायचं नाही असा त्यांचा नियम, ते किडामुंगीचं घर असतं. किडामुंगीचं घर खरं, पण माझ्या घरात दिवाळीला भात कुठून यायचा?

शेवटी भिजलेला थरच उपसून खळ्यावर वाळत घातला. ते मात्र त्यांनी केलं, हातमोजे घालून, एकानं तर नाकाला रुमाल बांधून. ते गेल्यावर आम्ही पुन्हा पसरून पेटवलं, पण ढग भरून आले, ओल काही पुरती गेली नव्हती, मधला पट्टा कच्चाच राहिला.

आता बघा, पेरल्यावर कडेचं रोप हिरवंगार आणि मधे गवतच गवत. लावणी तोंडावर आलीय आणि मी रोज ओल्या बांधावर बसून ते उपटतेय. काल सुनेच्या फोनवर त्या बाईचा मेसेज आला, आमच्यामुळे नुकसान नाही ना झालं? सून गोड गोड लिहायला लागली, सगळं ठीक आहे म्हणून.

मी म्हटलं, "ठीक नाय. खरं लिही. मधे गवत माजलंय म्हणावं, उपटायला या."

रागात म्हटलं हो मी. तर लगेच उत्तर, रविवारी पाचहीजण येतो.

आता मला नवा घोर. हे गवत कोवळं असताना हुबेहूब भातासारखं दिसतं, आमच्या पोरीबाळीही फसतात. एकेकाचा हात धरून काडी न् काडी दाखवत बसायला लागणार. नाहीतर ही माणसं भात उपटतील आणि गवत ठेवतील, तेही अगदी मनापासून.