हसण्यामागची शिट्टी

कपड्यांच्या घड्या निम्म्याच झाल्या होत्या, तेवढ्यात भाऊजींनी हाक मारली. माझे हे धाकटे दीर लोकांना हसवून पोट भरतात. रागावलेल्या साहेबाच्या तोंडी स्वतःच्या तान्ह्या लेकीचं रडणं बसवतात आणि तो व्हिडिओ मोबाइलवर टाकतात. जाऊबाई म्हणते, "पोरगी जन्मली ती थेट नोकरीलाच लागली."

आज मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. "वहिनी, हे जरा ऐका," म्हणत त्यांनी लेकीचं रेकॉर्ड केलेलं हसणं सावकाश करून लावलं. हसून श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजत होती. मागच्या महिन्यातल्या हसण्यात ती नव्हती.

"मला वाटलं माइक बिघडलाय," ते म्हणाले. "हीच शिट्टी काल मी उकळत्या किटलीच्या व्हिडिओला लावली. लोक अजून हसताहेत."

देवाचं नाव घेत मी पाळण्यातल्या पोरीच्या छातीला कान लावला. शिट्टी तिथंही होती.

जाऊबाई चपला शोधू लागली. घड्या केलेल्या कपड्यांतलं दुपटं मी ओढून घेतलं. आता बाळाला घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे.