गोल केला की गोलात उभं राहायचं

माझ्या ताईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ती एका संस्थेत समाजसेविका आहे. गोदामामागच्या वस्तीतल्या पोरी अभ्यासाला बोलावलं की पसार व्हायच्या, म्हणून तिने एक दिवस चेंडू आणला. पिशव्या उचलायला मी, तिचा हक्काचा धाकटा भाऊ, होतोच.

नियमही तिने स्वतःच केले. गोल करणारी शेफारते आणि गोलकीपर बिचारी कायमची अडकून पडते, हे तिला बघवेना. म्हणून जी गोल करेल तिने पुढचा गोल होईपर्यंत गोलात उभं राहायचं.

"ताई, असं जगात कुठे खेळत नाहीत," मी म्हटलं.

"मग बघायला येतील," म्हणत तिने पाण्याचा कॅन माझ्या हातात दिला.

सगळ्यांत जास्त गोल एक चपळ पोरगी करायची. तिला सगळे भिंगरी म्हणत. साहजिकच गोलातही तीच जास्त वेळ असायची. तिचे वडील हातगाडी ओढायचे. सुट्टी लागली की तिची शाळा बंद करून तिला धुण्याभांड्यांच्या कामाला लावायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. ताई वर्षभर त्यांच्या दारात घसा कोरडा करत होती. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि चहा पाजून तिला वाटेला लावायचे. आता उरला एकच मार्ग. क्रीडा वसतिगृहात निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा सगळं फुकट.

निवडीच्या सामन्याला वडील कुंपणाशी गाडी लावून उभे होते. भिंगरीने आल्या आल्या गोल ठोकला. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर ती शिस्तीत चालत आपल्या गोलाकडे गेली, तिथल्या मुलीचं पिवळं जाकीट स्वतः चढवलं आणि म्हणाली, "जा, खेळ आता."

निवड करणारे सर चक्रावून ताईकडे आले. "मॅडम, तुमची सगळ्यांत चांगली मुलगी मागे का गेली?"

"अहो, गोल केला ना तिने," ताई त्यांना समजावून सांगू लागली.

मी कपाळाला हात लावला. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि हिचं आपलं भलतंच. इतका राग मला बहिणीचा कधीच आला नव्हता.

समोरच्या संघाने मग चेंडूंचा नुसता मारा केला. भिंगरी झेपावली, लोळली, चेंडू पोटाशी धरून मातीत पडून राहिली. एकही आत जाऊ दिला नाही.

"पुढे खेळणाऱ्या मुली ढिगाने येतात," सर शेवटी म्हणाले. "अशी गोलकीपर मिळत नाही. हिला घेतो मी."

भिंगरीचा चेहरा पडला. "म्हणजे गोल न करताच उभं राहायचं?"

वडील मैदानात आले. लेकीचे लालभडक तळवे त्यांनी उलटेपालटे करून पाहिले. मग ताईकडे वळून, जरा रागानेच म्हणाले, "हिला एवढं जमतं, हे मला आधी कोणी सांगितलं का नाही? मी कशाला हिला कामाला लावायला निघालो असतो?"

ताईने तोंड उघडलं. आता वर्षभराचं सगळं निघणार म्हणून मी सावरून उभा राहिलो.

"चुकलंच आमचं, दादा," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."