राग आला तरी चालेल

आमच्या खालच्या मजल्यावरची बाई नाही म्हणायच्या आधी चहा विचारते, मग नाही म्हणते आणि वर सांगते, "राग आला तरी चालेल." डोंबिवलीतलं विशेष मुलांचं एक केंद्र ती सांभाळते. मुलं आपलं म्हणायचं, काही चांगली तिशीतली आहेत.

तिथे मी पेटी घेऊनच गेलो, फुकट शिकवायला येतो म्हटलं, तर म्हणाली, "पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणा, काका."

"अगं, लग्न होऊन आलीस तेव्हापासून ओळखतेस मला!"

"हो. राग आला तरी चालेल."

आला. मी तिच्यासमोरच केंद्राच्या अध्यक्षांना फोन लावला. ते स्पीकरवर तिला म्हणाले, "अहो, घ्या त्यांना आत. आपलेच आहेत."

"पोरांना हात लावणारे आपलेच असतात, साहेब. परक्याजवळ ही पोरं जातातच कुठे?"

अध्यक्षांनी फोन ठेवला. मी पेटी उचलून घरी आलो.

पुढे दाखला मिळाला. तो तिने नीट वाचला, फाईलला लावला आणि मला वर्गात घेऊन गेली. बाहेर रिक्षांचा गोंगाट होता, म्हणून मी दार लोटायला गेलो, तर ती दारातच स्टूल टाकून बसली.

"आता काय? दाखला दिला ना?"

"त्यात एवढंच लिहिलंय, काका, की तुम्ही अजून सापडला नाहीत. दार उघडंच राहील."

"आणि मला राग आला तर?"

"चालेल की," म्हणाली, आणि स्टूल आणखी आत सरकवलं.