नसलेल्या कणांची लग्नं

जवळ सरक गं सुमे. चौलचा शेजार सोडून पनवेलला गेलीस ती गेलीसच. फोनसुद्धा दोन वाक्यांत आटपतेस, लाज नाही वाटत? आता गप ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

माझी भाची वैदेही, भावाची मुलगी. क्वार्कांवर संशोधन करायला तिला परदेशी जायचं होतं, आठवतं? मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं तिच्या पुस्तकांतून, मोबाईलवरून, ओसरीवर सुपारी सोलता सोलता शिकले. तिने सांगितलं— प्रोटॉनच्या पोटातले क्वार्क एकमेकांना इतके घट्ट धरतात की नेहमीचं गणित तिथे मोडून पडतं. मग काय करायचं? प्रत्येक कणाला एक जोडीदार कल्पायचा. सुपरसिमेट्री म्हणतात त्याला. जोडीदार आले की तेच गणित सुटायला लागतं. मग त्यांना जड, आणखी जड करत— जितके जड तितका त्यांचा परिणाम कमी— हळूहळू बाहेर काढायचं आणि बघायचं— क्वार्क तसेच धरून राहतात का? मधेच सगळं पालटलं, तर ते उत्तर खऱ्या क्वार्कांचं नाहीच.

मी नुसती मान हलवली. मनात म्हटलं, अगं, हे तर सेंटरिंग! स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायचे, मग जपून काढायचे, स्लॅब उभा राहतो का ते बघायचं. आणि भावाचा धंदा कसला? सेंटरिंगचाच!

मग तिला परदेशी पाठवायचं का, यावर घरात बैठक बसली. तू चहा आणत होतीस. भाऊ म्हणाला, "ताई, तू तरी सांग. हिच्या अभ्यासातलं तुला काय कळतं का? कामाचं हाय का न्हाय?"

वैदेही माझ्याकडे बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं गं मला. एकच!

मी म्हटलं, "मला काय कळणार? नसलेल्या कणांची लग्नं लावते पोर, स्वतःचं ठेवलंय बाजूला!"

काय हसलात सगळे. तुझा तर चहा सांडला. भाऊ डोळे पुसत म्हणाला, "व्हय, मग आधी हिचंच लावू." संपला विषय.

पोरगी भांडलीसुद्धा नाही. चुलीपाशी येऊन आईला म्हणाली, "आत्यालाही समजावता आलं नाही मला. तिकडे जाऊन काय बोलणार?" मी तिथेच नारळ खवत होते. खवत राहिले.

सगळं समजलं होतं मला, सुमे. सगळं! मग का बोलले तसं? म्हातारीला फिजिक्स येतं म्हणून लोक हसतील— त्यापेक्षा तिला हसलेले परवडले मला. भावाचा राग येतो, तुझाही येतो, पण थोबाडीत द्यावीशी वाटते ती माझ्याच. वैदेही आज लग्न होऊन अलिबागला दहावीच्या शिकवण्या घेते, आणि अजून समजते की आपल्याला समजावता येत नाही!

रविवारी माहेरी येतेय ती. भावासमोर, तिच्यासमोर, सगळं बोलणार आहे— सेंटरिंगसकट. गेलेलं परत येणार नाही, ठाऊक आहे.

तूही ये. सकाळच्या पहिल्या एसटीने ये. हसायला होतीस ना तेव्हा?