पंधरा अंश

२८ मे, दुपारी अडीच. मशिदीचे अंगण. हजर: आमच्या हायस्कूलचे गणिताचे सर, मशीद सांभाळणारे म्हातारे चाचा, नवी पडवी बांधणारा गवंडी आणि घड्याळ धरायला मी, विज्ञान शिक्षक. ढग गैरहजर.

सर बोलण्याआधी चष्मा पुसत. वर्गात, स्टाफरूममध्ये, मय्यतीलाही. तुम्ही असतात तर पुसून होईपर्यंत गप्प बसला असतात.

एकदा मी विचारले, देव सगळीकडे आहे तर नमाजाला एकच दिशा कशाला? चष्मा पुसून म्हणाले, "दिशा देवाला लागत नाही. माणसांना एका रांगेत उभं राहायला लागते."

शिपायाचा हात मोडला तेव्हा त्याच्या प्लास्टरवर त्यांनी समीकरण लिहिले. ‘अल्जिब्रा’ ज्यावरून आला तो अरबी शब्द अल्-जब्र म्हणजे मोडलेले सांधणे; बीजगणित आणि हाडवैद्य एकाच घरचे, असे त्यांचे म्हणणे.

२८ मेला दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी सूर्य मक्केच्या बरोबर माथ्यावर असतो. तेव्हा ओळंब्याच्या दोरीची सावली जिकडे पडेल, त्याच्या उलट दिशेला मक्का. मी "आता" म्हटले, गवंड्याने सावलीवर खडू ओढला. नमाजाला जिच्याकडे तोंड करत ती जुनी भिंत नेमकी पश्चिमेला होती. रेघ पंधरा अंश उत्तरेकडे गेली.

"ही भित माझ्या आज्यान बांधूक नाय, आधीच सांगतंय," गवंडी म्हणाला.

चाचा हसले नाहीत. त्यांच्या वडिलांनी तिथे चाळीस वर्षे बांग दिली होती.

"मगे माझ्या बापाशीचे नमाज खंय गेले, सर?"

सरांनी या वेळी चष्म्याला हात लावला नाही. "थंयच पोचले, चाचा. लांबच्या माणसाक दिशा पुरता, अंश लागनत नाय. जुन्या जाणत्यांनी तसां लिवन ठेवलां हा."

"मग हो दोरो कित्याक?"

"कळलां नव्हतां तवसर माफ. आता कळलां."

 असरच्या, दुपार उतरतानाच्या नमाजाला खडूच्या रेघेवर पहिले चाचाच उभे राहिले, भिंतीला तिरके.

नंतर त्यांनी एकच मागितले. हे सगळे कागदावर लिहून द्या, भिंतीवर लावतो. लोक विचारतात, आणि बापाचे माझ्याच्याने सांगवत नाही. सर मला म्हणाले, वरचे गणित तुम्ही लिहा, खालचे, त्यांच्या वडिलांच्या नमाजाचे, मी लिहितो.

सर श्रावणात गेले. तारीख, वेळ, कोन, माझे सगळे लिहून झाले आहे. चाचांनी काल पुन्हा विचारले. सरांचे शब्द मला पाठ आहेत, पण चाचांना ते सरांच्या हातचे हवे होते. कागदाचा खालचा अर्धा भाग कोरा आहे.