हरणीच्या पुढे बंद पडणारी स्कूटर

"मॅडम, म्हस मागं, मी पुढं, आन् गाडी बंद! परत!"

दत्तू आण्णा दारातूनच ओरडले. आठवड्यातली ही तिसरी खेप. राजारामपुरीत माझं ई-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. आण्णांची लिथियम बॅटरी फुल चार्ज असूनही पळता पळता बंद पडायची आणि थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायची.

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मालकाच्या गाडीमागे पळवतात. आण्णांची हरणी दरवर्षी गल्ली गाजवायची. पाडवा चार दिवसांवर आला होता. हरणीचं वजन आणि शिंगं बघता, पुढची गाडी मध्येच थांबली तर आण्णांचं काय होईल, हा विचार मला करवत नव्हता.

लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचं सर्किट असतं. घरातल्या एमसीबीचा भाऊच म्हणा. जास्त करंट ओढला की ते बॅटरीचा पुरवठा तोडतं आणि सेल वाचवतं. मी एकेक सेल तपासला, कनेक्शन घट्ट केली, मोटर पाहिली. डबल सीट, फुल रेस करून चक्कर मारून आले. गाडी एकदाही रुसली नाही. दोष काही सापडेना.

"आण्णा, मीच येते. पळवून दाखवा."

घराशेजारच्या मैदानावर आण्णांनी घरातून एक पेटी आणून डिकीत ठेवली आणि तिच्या वायरी बॅटरीला जोडल्या. अॅम्प्लिफायर! मागच्या सीटवर हा एवढा स्पीकर बांधला.

"हे काय?"

"आवाज! हरणी जुन्या फटफटीच्या आवाजामागं पळत्या. पोरीनं ही मुकी गाडी घेऊन दिली. मग फटफटी इकायच्या आधी तिचा आवाज मोबाईलवर घेतला की."

"मग वर्कशॉपला येताना हे कुठं असतं?"

"काढून ठेवतो. सामानासकट गाडी सर्व्हिसिंगला देत्यात व्हय? तुमाला अडचण नको."

मी कपाळावर हात मारला. फुल रेस आणि वर फुल आवाज, दोन्ही एकाच बॅटरीवर! बीएमएस बिचारं इमानदारीने काम करत होतं आणि मी त्याच्यावरच संशय घेत होते. अॅम्प्लिफायरला मी वेगळी छोटी बॅटरी दिली. "ही वेगळी चार्ज करायची बरं का," असं दोनदा बजावलं.

पाडव्याला मुद्दाम गेले. हरणीची शिंगं गुलाबी, गळ्यात घुंगरं. आण्णांनी रेस दिली, फटफट दणाणली आणि अर्ध्या गल्लीत एकदम गप्प झाली. छोटी बॅटरी चार्जच केली नव्हती! माझा जीव टांगणीला लागला. पण स्कूटर थांबली नाही. आण्णा मागे वळून जीव तोडून ओरडले, "ये हरणे! ये गं माझे बाय!"

हरणी शेपूट वर करून सुसाट सुटली. शिट्ट्यांनी गल्ली दुमदुमली. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

"मॅडम, हिला फटफट लागतच नव्हती की!" आण्णा धापा टाकत म्हणाले.

तेव्हापासून माझ्या जॉब कार्डवर पहिला प्रश्न असतो: गाडी इथे आणण्याआधी तिच्यातून काय काय काढून ठेवलं?

पुढच्या सर्व्हिसिंगला आण्णांनी त्यापुढे लिहिलं, "काय न्हाय. हरणी घरी हाय."